किती वेळा मागायचं

"...पण डिस्क उत्तरच देत नसेल, तर कर्नलनं तिच्याकडे किती वेळा मागायचं?"

संयतमुनींनी हातातल्या माळेचा एक मणी पुढे ओढला.

"सर, मी तुम्हाला विचारतोय."

'सर' तोंडातून निघून गेल्यावर शार्दूल ओशाळला.

"माफ करा. महाराजसाहेब."

वांबोरीच्या जैन स्थानकात सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. समोर पाटावर, पांढऱ्या वस्त्रात, तोंडावर मुहपत्ती बांधून बसलेला हा माणूस काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीत शार्दूलचा साहेब होता. सुभाष छाजेड. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्या कर्नलनं डिस्कवरची माहिती कशी उचलून आणायची, तो भाग छाजेड सर लिहायचे. शार्दूल नाईकवडे ते काम त्यांच्या हाताखाली शिकला.

मग सरांनी नोकरी सोडली, घर सोडलं, नावही सोडलं. दीक्षा घेऊन संयतमुनी झाले. आता ते गावोगाव अनवाणी फिरत.

सरांची जागा शार्दूलकडे आली. त्याच्याइतकं ते काम कुणाला येत नाही, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटत होतं.

खिशातला फोन थरथरला. त्यानं तो लगेच काढून पाहिला. लाल अक्षरांची आणखी एक ओळ: वाचता आलं नाही.

संयतमुनींनी आपल्या वस्त्राचं टोक आवरून घेतलं. विजेवर चालणाऱ्या वस्तूचा स्पर्शही साधूला चालत नाही.

"फोन उंबऱ्याबाहेर ठेव."

"दोनच मिनिटं, महाराजसाहेब. नगरला डिस्क चालू आहे. तिच्यावर लक्ष..."

"ठेव."

शार्दूल उठला. फोन बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून परत आला. बसला, पण तोंड दाराकडे करून.

"आता सांग. कुणाची डिस्क?"

"डिस्क माझी. आवाज ताईचा."

"विभाचा?"

"हो."

विभाताई नगरच्या एका शाळेत मराठी शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

शार्दूलनं तेव्हा एक गोष्ट मनावर घेतली. ऑपरेशनच्या आधी तो नगरला जाऊन राहिला. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, मधोमध माइक ठेवला. ताई रोज संध्याकाळी आत बसून वाचायची. काय वाचायचं ते तीच ठरवायची. तो बाहेर बसून पडद्यावर आवाजाची रेघ तेवढी बघायचा; शब्दांकडे त्याचं लक्ष नसे. रेघ नीट आली की पुढचं वाक्य. या वाक्यांवरून पुढे एक यंत्र तयार होणार होतं. ताईनं टाइप करायचं आणि यंत्रानं तिच्याच आवाजात बोलायचं.

ऑपरेशन झालं. ताई वाचली.

आणि डिस्क आजारी पडली.

"दुसरी प्रत?" मुनींनी विचारलं.

"करणारच होतो..."

"अशा डिस्का दुरुस्त करणारे असतात. त्यांच्याकडे नेलीस?"

"सर, ते लोक जो कोड वापरतात, तो मी लिहितो."

मुनींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"महाराजसाहेब," शार्दूल पुटपुटला.

"हे कर, ते कर, असं मी तुला सांगू शकत नाही. यंत्र चालवायला सांगणं आम्हाला वर्ज्य आहे."

"मग मी कशाला आलो इथवर?"

"ते तुलाच माहीत."

शार्दूल अर्धवट उठला. पुन्हा बसला.

"ऐकायला मनाई नाही ना?"

"नाही."

"मग ऐका तरी."

"म्हण. पहिल्यापासून. प्रोग्रॅमनं एक अक्षर मागितलं."

शाळेतल्या पोराला पाढे म्हणायला लावावं तसं हे झालं. शार्दूलला राग आला. तरी तो म्हणू लागला.

"कर्नल आधी स्वतःच्या स्मृतीत बघतो. पूर्वी आणलेलं त्यानं तिथे ठेवलेलं असतं. सापडलं तर तिथूनच देतो. डिस्कपर्यंत जातच नाही."

"नाही सापडलं तर?"

"फाइल सिस्टिमला विचारतो, हे डिस्कवर कितव्या ब्लॉकमध्ये आहे? नंबर मिळाला की मागणी तयार होते. ती रांगेत लागते. शेजारशेजारच्या मागण्या एकत्र करतात, म्हणजे डिस्कचा हेलपाटा वाचतो. मग ड्रायव्हर ती मागणी डिस्कच्या कानावर घालतो."

"आणि मागणारा?"

"कोण?"

"ज्यानं अक्षर मागितलं तो."

"प्रोग्रॅम होय? त्याला कर्नल झोपवतो. माहिती आली की डिस्क खूण करते आणि कर्नल त्याला उठवतो."

"तोवर तो काय करतो?"

"काही नाही. झोपलेला असतो."

"तू कधी झोपला होतास?"

शार्दूलचे डोळे लाल होते. तो दाराबाहेर फोनकडे बघत राहिला.

"अक्षर एक मागितलं," मुनी म्हणाले. "आलं किती?"

"अख्खा ब्लॉक. त्याच्याखाली डिस्क देतच नाही. शिवाय प्रोग्रॅम ओळीनं वाचतोय असं दिसलं, तर कर्नल पुढचेही ब्लॉक मागवून ठेवतो. कुणी सांगितलेलं नसताना. पुढे लागतीलच, या अंदाजानं."

"डिस्क आजारी असली तर?"

"तरी मागवतो."

"का?"

"ती आजारी आहे हे त्याला कुठे माहीत असतं?"

"तुला होतं?"

"होतं," शार्दूल म्हणाला. मग एकदम घाईघाईनं बोलू लागला. "पण ऐका ना. ब्लॉक वाचता आला नाही की डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तिनं हात टेकले की कर्नल तिला परत सांगतो. आणि त्या सगळ्यावर माझा प्रोग्रॅम आहे. तो सोडतच नाही. नाही आला? परत माग. नाही आला? परत. केव्हातरी देईलच ना ती."

"देते?"

"आधी द्यायची."

"आता?"

"आता नुसती टकटक करते."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. संयतमुनींचे गुरू तिथे झोपून होते. त्यांना तीन दिवस ताप होता. गिळताना घसा दुखत होता.

मुनी उठले. भिक्षेच्या लाकडी पात्रांची झोळी त्यांनी हातात घेतली.

"गोचरीची वेळ झाली."

"आणि माझा प्रश्न?"

मुनी पायरी उतरले होते.

शार्दूलनं कट्ट्यावरचा फोन उचलून खिशात टाकला आणि थोडं अंतर ठेवून मागोमाग चालू लागला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पहिल्या घरी एक म्हातारी दारातच उभी होती.

"मत्थएण वंदामि, महाराजसाहेब. पधारो."

तिनं दोन भाकरी पुढे केल्या. मुनींनी एकीतली अर्धी घेतली.

"अजून घ्या की."

"बस, बाई."

"थोरल्या महाराजसाहेबांचा ताप कसा आहे?"

"आहे."

"मुथांच्या घरी आज सासऱ्यांसाठी मुगाचं पाणी केलंय. सुनेनं आत्ताच सांगितलं मला. थोरल्यांच्या घशाखाली उतरेल ते."

मुनींनी मान हलवली आणि ते बाहेर पडले.

"अर्ध्या भाकरीनं काय होणार?" शार्दूलनं विचारलं.

"पुढे घरं आहेत."

पुढच्या घराचं दार बंद होतं. आत कुणीतरी भांडी घासत होतं. मुनींची चाल जराही मंदावली नाही. ते दारावरून पुढे गेले.

"महाराजसाहेब, आत माणसं आहेत."

"असतील."

"हाक मारू का?"

मुनींनी मान हलवून नाही म्हटलं.

"नुसती कडी वाजवली तरी उघडतील."

मुनी चालत राहिले.

शार्दूल त्या दाराकडे वळून वळून पाहत होता. त्याला हे सहन होत नव्हतं. अन्न आत, माणूस आत, मागणारा बाहेर, आणि मध्ये फक्त एक फळी. खिशात फोन पुन्हा थरथरला. त्यानं पाहिला. पुन्हा लाल ओळ.

गल्लीच्या वळणावर मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती. मुनी थांबले. जागा बघत एकेक पाऊल टाकू लागले.

मुथांचं घर समोरच होतं. दार लोटलेलं.

शार्दूल भराभर पुढे गेला. तिकडे तापानं पडलेला म्हातारा उपाशी आहे आणि इथे मुगाचं पाणी तयार आहे. यात विचार कसला करायचा? त्यानं बेल दाबली. कुणी आलं नाही म्हणून आणखी एकदा दाबली.

आतून लगबगीनं पावलं आली. मुथांच्या सुनेनं दार उघडलं. मागे मुनींना येताना पाहून तिचा चेहरा उजळला. घरातला बोळ अंधारा होता. महाराजांना नीट दिसावं म्हणून तिनं बटण दाबलं. ट्यूब लुकलुकली आणि लागली.

मुनी पायरीपाशी आले होते. ते तिथेच थांबले. आणि वळले.

बाईंचा हात बटणावरच राहिला.

"अगं बाई... दिवा लावला मी."

"दया पाळा, बाई," मुनी हळू म्हणाले, आणि चालू लागले.

शार्दूल त्यांच्यामागे धावला.

"महाराजसाहेब, नुसता दिवा लागलाय. पाणी तर आधीच केलेलं आहे. तुमच्यासाठी केलेलंसुद्धा नाही. तिकडे ताप आहे त्यांना."

मुनी थांबले नाहीत.

शार्दूल परत दाराशी आला. बाईंचे डोळे भरले होते.

"त्यांच्यासाठी बेल वाजली, त्यांच्यासाठी दिवा लागला," त्या म्हणाल्या. "आता आज या घरचं त्यांना चालत नाही, दादा."

"पण दार लोटलेलं होतं."

"ध्यानाला बसले होते मी. माझं सामायिक नुकतंच संपलं होतं. आसन गुंडाळत होते. दार उघडायलाच येणार होते मी."

बेल कुणी वाजवली, ते त्यांनी विचारलं नाही.

शार्दूल तिथून निघाला तेव्हा त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यानं ते खिशात घातले. फोन लागला तसे बाहेर काढले.

मुनी आणखी दोन घरी गेले. एका ठिकाणी थोडा भात मिळाला. एका ठिकाणी बाई कच्च्या, न उकळलेल्या पाण्यानं हात धूत होती. तिला पाहून मुनी दारातूनच मागे फिरले.

येताना ते त्याच गल्लीतून आले. मघाचं बंद दार आता सताड उघडं होतं. घरातला माणूस हात जोडून उंबऱ्यात उभा होता.

"पधारो, महाराजसाहेब. मघाशी कळलंच नाही तुम्ही गेलात ते."

मुनी आत गेले. वाटीभर ताक घेऊन बाहेर आले.

स्थानकात मुनी पात्रं घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. साधू गृहस्थांसमोर जेवत नाहीत. शार्दूल बाहेर पायरीवर बसला. आतलं त्याला ऐकू येत होतं.

"आज मुगाचं काही नाही मिळालं का?" थोरल्या मुनींचा आवाज खरखरीत होता.

"नाही, गुरुदेव."

"बरं."

मग खोकला. तो बराच वेळ चालला.

"राहू दे," थोरले म्हणाले. "नाही उतरत."

बेलचं कुणी काही बोललं नाही. शार्दूल वाट बघत होता. संयतमुनी सांगतील, बाहेर बसलेल्या त्या शहाण्यानं हे केलं. त्यांनी सांगितलं नाही.

फोन थरथरला.

शार्दूलनं तो हातात घेतला. बराच वेळ लाल ओळीकडे पाहिलं. नगरच्या खोलीतली ती डिस्क त्याच्या डोळ्यांसमोर आली. टेबलावर एकटी, तापलेली. तिचं वाचणारं टोक त्याच जागेपाशी जातंय, मागे येतंय, पुन्हा जातंय. आणि इकडून माग, माग, माग...

त्यानं प्रोग्रॅम थांबवला. डिस्क बंद केली.

फोन गप्प झाला. त्याला जास्तच अस्वस्थ वाटू लागलं.

संयतमुनी बाहेर आले.

"मी बेल वाजवायला नको होती," शार्दूल म्हणाला.

मुनी उन्हाकडे बघत उभे राहिले.

"मला वाटलं, मदत होईल."

मुनींनी हातातल्या ओल्या पात्रावरून कापड फिरवलं.

"काहीतरी बोला, महाराजसाहेब. रागवा तरी."

"उद्या आमचा पुढच्या गावी विहार होता. आता गुरुदेवांचा ताप उतरला की निघू."

"कधी उतरेल?"

"उतरला की."

संध्याकाळी शार्दूल नगरला पोहोचला. विभाताई दारातच होती. बोलता येत नसल्यामुळे ती गळ्यात एक छोटी पाटी अडकवून ठेवी. तिनं लिहिलं, 'आज टकटक नाही?'

"बंद केली."

'बरं झालं. झोप आता.'

तो झोपला नाही. डिस्कला हात लावून पाहिला. अजून कोमट होती. पूर्ण गार होईपर्यंत तिला वीज द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. मग दर थोड्या वेळानं जाऊन तिला हात लावून येऊ लागला. ताई खुर्चीत बसून त्याच्या या फेऱ्या बघत होती.

जुना प्रोग्रॅम त्यानं टाकून दिला. नवा लिहायला घेतला, अगदी लहान. न मागितलेले पुढचे ब्लॉक आणायची कर्नलची सवय त्यानं त्या डिस्कपुरती बंद केली. मधली स्मृती वगळून थेट मागायचं. तेही थोडंसं. डिस्कलाही सूचना दिली, एखादी जागा वाचता आली नाही तर झगडत बसू नकोस, लगेच नाही म्हण. मागायचं एकदा. दिलं तर घ्यायचं. नाही दिलं तर ती जागा टिपून पुढे जायचं.

लिहायला सोपं होतं. बघत बसायला कठीण.

सकाळी त्यानं डिस्क चालू केली. ब्लॉक येऊ लागले. मग एक आला नाही. प्रोग्रॅम पुढे गेला. शार्दूलचा हात आपोआप कळफलकाकडे गेला. परत मागू का? एकदाच? तो हात त्यानं मांडीखाली दाबून धरला.

पुढचे भराभर आले. कित्येक दिवसांत आले नव्हते इतके. मग पुन्हा एक बंद. मग बंद जागांचा मोठा पट्टा. त्याच्या पलीकडे पुन्हा सगळं उघडं.

तो पट्टा तेवढा ओलांडायचा होता. इतके दिवस तो त्याच्या अलीकडेच डोकं आपटत होता.

दुपारी त्यानं डिस्क थांबवली. गार होऊ दिली. आणि पुन्हा खोलीत येरझारा.

ताईनं ताटावर चमचा वाजवला. जेवायला ये.

"थांब ना, ताई. आलो."

तिनं पुन्हा वाजवला.

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना हे?"

ताईनं पाटी पुढे ओढली. 'मला घाई नाही.'

"मला आहे."

तिनं अक्षरं पुसली. थोडा वेळ खडू तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. ऑपरेशननंतर ती बारीक झाली होती. गळ्याच्या भोकावर जाळीचा रुमाल बांधलेला होता. श्वास घेताना तो किंचित हलायचा.

तिनं लिहिलं, 'का?'

शार्दूल ताटावर बसला. काय जेवला ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्यानं डिस्क उलट्या बाजूनं वाचली. शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिल्यांदा बंद असलेल्या पुष्कळ जागा या वेळी सहज उघडल्या. पट्टा दोन्हीकडून आकसत गेला. तिसऱ्या फेरीत आणखी. तो आठवडा असाच गेला. थोडं मागायचं, थांबायचं. थांबण्याच्या वेळात तो घरभर हिंडायचा, गच्चीवर जायचा, खाली यायचा, गाडीचा आरसा पुसायचा.

शेवटी काही मोजक्या जागा उरल्या. त्या कुठल्याच बाजूनं उघडेनात.

मुनी वांबोरीहून निघाल्याचं त्याला फोनवर कळलं. तो सकाळीच राहुरीच्या रस्त्याला लागला. दोन्हीकडे ऊस उभा होता. दुरून त्याला ते दोघे दिसले. थोरले मुनी काठी टेकत पुढे, संयतमुनी त्यांच्या मागे. थोरले हळू चालत होते, पण चालत होते.

शार्दूलनं गाडी कडेला लावली. फोन गाडीतच ठेवला. चपला काढून तो संयतमुनींच्या बाजूनं चालू लागला. रस्त्यावरची खडी पायांना टोचत होती.

"आलं, महाराजसाहेब."

मुनी चालत राहिले.

"जवळजवळ सगळं आलं. मी मागत सुटलो नाही. देईल तेवढं घेतलं. बंद दिसलं तर पुढे गेलो."

मुनींनी ऐकलं. मान हलवली नाही.

"थोडंसं राहिलंय. काही वाक्यं मध्येच तुटली आहेत. त्या जागा मला नेमक्या माहीत आहेत. डिस्क आणखी गार करून बघतो. किंवा आडवी आहे ती उभी ठेवून. कधी कधी त्यानं फरक पडतो. नाहीतर मग..."

तो बोलत होता आणि बोलता बोलता मुनींच्या एक पाऊल पुढे जात होता. मग थांबून मागे येत होता.

"विभाला ऐकवलंस?" मुनींनी विचारलं.

"अजून नाही. सगळं आल्यावर एकदम ऐकवीन."

"तू ऐकलंस?"

"ऐकायची गरज नाही पडली. रेकॉर्डिंगच्या वेळी मी प्रत्येक वाक्याबरोबर पडताळणीचा एक आकडा साठवला होता. जी वाक्यं पूर्ण आली, त्यांचे आकडे ताडून पाहिले. सगळे जुळले."

"जुळले म्हणजे?"

शार्दूलच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी पूर्वीचा तोरा आला.

"म्हणजे एक कणही इकडचा तिकडे नाही, महाराजसाहेब. जे होतं, ते जसंच्या तसं आलं."

मागून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला. मुनी रस्त्याच्या कडेला सरले. त्याचा धडधडाट पार लांब जाईपर्यंत ते उभे राहिले. पुढे थोरले मुनीही थांबले होते.

मग संयतमुनींनी शार्दूलकडे पाहिलं.

"काय होतं त्यात?"